चौथी बॅटरी घेण्याआधी: काकांच्या जुन्या ट्रॅव्हलरचं प्रकरण

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत शेजारच्या काकांची २०११ ची ट्रॅव्हलर मिनीबस उभी असते, बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांनी ती सेकंडहँड घेऊन कॅम्पर करून घेतली, आत बेड, छोटा कंप्रेसरवाला फ्रिज, सिंक, छतात पंखा, सगळं आहे. मी मर्चंट नेव्हीत इलेक्ट्रिकल बघतो, सुट्टीवर आलो की सोसायटीतली निम्मी मिक्सर-गिझर मंडळी माझ्याकडे येतात, त्यात ह्यावेळी काका आले. "अरे, लिथियम टाकायचीय, कोणती घेऊ तेवढं सांग." मी विचारलं का, तर म्हणाले सहा वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या, आता चौथ्यांदा ते शिशाचं धोंडं नको.

मग खरी गोष्ट काकूंकडून कळली. डिसेंबरात दिवेआगरला गेले होते, पहिल्याच रात्री तीन वाजता इन्व्हर्टर टूं टूं करून बंद पडला आणि काकांचं सीपॅप मशीन थांबलं. काकांना झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे, ते मशीन लावूनच झोपतात. दचकून घामाघूम होऊन उठले, काकूंनी रात्री तीनला इंजिन चालू केलं, होमस्टेवाला टॉर्च घेऊन बाहेर. तेव्हापासून काकू म्हणतात एकतर हे नीट करा नाहीतर गाडी विका.

म्हणजे हे कॅम्पिंगच्या हौसेचं काम नव्हतं, रात्रभर एक मशीन चाललंच पाहिजे असं काम होतं. म्हणून मी म्हटलं काका, खरेदी नंतर, आधी मीटर लावू.

जुनी व्यवस्था अशी होती. मागच्या बेडखाली १५० एएचची (अँप-अवर, म्हणजे किती अँप किती तास पुरतील त्याचं माप) ट्यूबलर, घरात इन्व्हर्टरला असते तीच पाणी घालायची शिशाची बॅटरी. तिच्यावर ८५० व्हीएचा होम यूपीएस. इंजिनच्या बॅटरीकडून एक ६ स्क्वेअर मिमीची वायर रिले मधून (व्होल्ट बघून आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) मागे आलेली, निगेटिव्ह मात्र वेगळी वायर नाही, चेसिसलाच नटबोल्ट. छतावर १०० वॅटचं एक पॅनल, निम्मं कॅरिअरच्या सावलीत. आणि मेन स्विच म्हणून घरातला ३२ अँपचा एमसीबी, तो पण साधा एसीचा, डीसीवर लावलेला. डीसीचा आर्क असा सहज विझत नाही, एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो तसं इथे होत नाही, त्यामुळे हे एमसीबी ऐनवेळी आतल्या आत चिकटून बसू शकतात. तो मी त्याच दिवशी काढला.

पहिले दोन दिवस फक्त खर्च मोजला. गाडी पार्किंगमध्येच, पण काका-काकूंना सांगितलं की ट्रिपला आहात असं समजून सगळं वापरा, रात्री काका खरंच गाडीत झोपले (वॉचमनला आधी सांगून ठेवावं लागलं). क्लॅम्प मीटर लावून २४ तासाचा हिशोब आला तो असा: फ्रिज ४५ अँप-अवर, पंखा १८, सीपॅप ह्युमिडिफायर बंद ठेवून २०, मोबाईल वगैरे ८, दिवे ५, पाण्याचा पंप २. हे झाले ९८. आणि राहिलेले ३६? ते इन्व्हर्टर एकटाच खात होता! लोड असो नसो, नुसता ऑन ठेवला तरी दीड अँप, आणि काकू तो २४ तास ऑन ठेवायच्या कारण घरी तो तसाच असतो. म्हणजे एकूण १३४, त्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त खर्च कशासाठीच नाही.

आता १५० एएचच्या ट्यूबलरमधून रोज निम्म्यापेक्षा जास्त काढलं की तिचं आयुष्य घटत जातं, म्हणजे हिशोबात धरायला ७५ च. खर्च १३४. इथेच गणित बसत नाही, पण नवी बॅटरी निदान पहिली रात्र तरी काढते, ही ती पण काढत नव्हती. म्हणून हायड्रोमीटर घातला, तो अ‍ॅसिडची घनता म्हणजे ग्रॅव्हिटी दाखवतो. बॅटरीवाल्याकडून अख्खा दिवस चार्ज करून आणलेली, आपल्याकडची ट्यूबलर फुल असली की ग्रॅव्हिटी १.२४० च्या आसपास यायला पाहिजे, इथे पाच सेल १.१८० ला आणि सहावा १.१२०. प्लेटांवर सल्फेट बसलेलं, म्हणजे ही बॅटरी म्हातारी होऊन नाही तर पूर्ण चार्ज न मिळता उपाशी राहून गेली. आणि आधीच्या दोन पण तशाच गेल्या असणार.

ह्या सगळ्या प्रकरणातला माझ्या दृष्टीने मुद्द्याचा भाग पुढचा आहे. बॅटरी मुद्दाम १२.१ व्होल्टपर्यंत उतरवली, इंजिन चालू करून रेस थोडी धरून ठेवायला काकांना बसवलं आणि मोजलं. पुढच्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट, एकदम झकास, म्हणजे इंजिनवर फिरून चार्ज करणाऱ्या डायनामोची काही चूक नाही. मागच्या बॅटरीवर १३.२. मधले ०.९ व्होल्ट गेले कुठे? करंट तर फक्त ११ अँप जात होता. मग मल्टिमीटरच्या पिना एकेका तुकड्याच्या दोन टोकांना लावत गेलो, हे कुणालाही जमतं, फक्त करंट चालू असताना करायचं. पाच मीटर वायरवर ०.१६. रिलेच्या दोन पायांमध्ये ०.२८. आणि चेसिसच्या त्या एका अर्थिंग बोल्टवर ०.४५! बोल्ट उघडला तर खाली गंज, वर रंग, वायरच्या टोकाचं थिंबल हिरवंगार. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि वर कोकणातल्या किनाऱ्यावर उभी राहणारी गाडी, दुसरं काय होणार.

मग काकांना दाखवायला म्हणून एक गंमत केली, ट्रकवाल्याकडून जाड जंपर केबल आणल्या आणि पुढची बॅटरी थेट मागच्या बॅटरीला जोडली, दोन्ही टोकं. ११ अँपचे २९ झाले. काका मीटरकडे बघत म्हणाले, "म्हणजे सहा वर्षं मी बॅटऱ्याच बदलत बसलो?" आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काही नाही. मुलुंड ते दिवेआगर पेण, वडखळ, माणगाव, म्हसळा करत पाच तास धरा, त्या पाच तासांत बॅटरीत जेमतेम ४० अँप-अवर जायचे आणि १४.४ व्होल्ट तर तिने कधी बघितलेच नाहीत, ट्यूबलर पूर्ण भरायला तेवढे लागतात.

इथे मी काकांना प्रामाणिकपणे सांगितलं की जाड केबल, स्वच्छ अर्थिंग, दोन मोठी पॅनल आणि परत ट्यूबलर, एवढ्यात एक तृतीयांश खर्चात तुमचं काम बऱ्यापैकी होईल, लिथियमच पाहिजे असं नाही. पण ट्यूबलरचं वजन पन्नास किलोच्या वर, दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, आणि चार्जिंगला लावली की हायड्रोजन सोडते, तीही ज्या बेडवर माणूस झोपतो त्याच्याखाली. काकूंनी शेवटचा मुद्दा ऐकला आणि विषय संपला.

तर मग लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट २०० एएच. पण ती आहे तशी जुन्या जागी ठेवून द्यायची नाही, बॅटरी विकणारे दोघं-तिघं "काढा आणि बसवा साहेब, काही बदलायला लागत नाही" असं छातीठोक सांगत होते. ट्यूबलर भरत आली की स्वतःच करंट कमी घेते, लिथियमचा आतला रेझिस्टन्स इतका कमी की ती जवळपास भरेपर्यंत मिळेल तेवढं ओढत राहते. काकांच्या डायनामोच्या प्लेटवर ७५ अँप लिहिलंय, तो ७५ सतत द्यायला बनलेला नाही, त्यात वडखळ नाक्यावर ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलला, म्हणजे डायनामोचा स्वतःचा पंखा पण हळू फिरणार, आणि आतले डायोड जळणार. दुसरी भानगड त्या रिलेची. तो १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो, लिथियम नुसती पडून असली तरी १३.२-१३.३ दाखवते, म्हणजे इंजिन बंद झाल्यावर पण रिले सोडायचं नाव घेणार नाही आणि दोन बॅटऱ्या रात्रभर एकमेकींना बांधलेल्या.

त्यामुळे मध्ये डीसी टू डीसी चार्जर टाकला, ३० अँपचा. तो डायनामोकडून ठराविकच घेतो आणि लिथियमला हवे तेवढे व्होल्ट बनवून देतो. ३० अँप १४.२ व्होल्टने द्यायचे म्हणजे स्वतःचा लॉस धरून डायनामोकडून साधारण ३६ अँप ओढणार, ७५ मधून ते गेले तरी हेडलाईट, वायपर, ब्लोअरला पुरेसे उरतात. ५० अँपचा घेऊ का असं काकांनी विचारलं होतं, मी नाही म्हटलं, डायनामो तेरा वर्षांचा आहे, त्याच्या जिवावर किती उठायचं. केबल २५ स्क्वेअर, ह्यावेळी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही पुढपासून मागपर्यंत, चेसिसवर अजिबात विसंबायचं नाही. दहा मीटर जाऊन-येऊन ३६ अँपला पाव व्होल्ट ड्रॉप येतो, जुन्या ६ स्क्वेअरवर तोच एक व्होल्ट आला असता.

खरेदीला लोहार चाळ. केबल, थिंबल, हीट श्रिंक, बसबार सगळं एका गल्लीत, शंट मीटर (बॅटरीत किती गेलं, किती निघालं ते मोजून टक्के दाखवणारा) लॅमिंग्टन रोडला. एक सांगतो, थिंबल हातोडीने ठोकून बसवू नका, हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल भाड्याने मिळतं. फ्यूजसाठी मात्र फिरावं लागलं. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँप सोडते, गाडीतला साधा पट्टीचा फ्यूज वितळूनही आत आर्क चालू राहू शकतो. जहाजावर आम्ही असल्या गोष्टीत तडजोड करत नाही. शेवटी डीसी रेटिंग छापलेला १२५ अँपचा एचआरसी फ्यूज, म्हणजे मोठा शॉर्ट सर्किट करंट सुरक्षित तोडणारा, होल्डरसकट मिळाला, तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात बसवला, लांब ठेवून उपयोग नाही, मधली केबल बिनसंरक्षणाची राहते.

बॅटरीने एक नाटक केलंच. आली त्या दिवशी पूर्ण चार्ज केली आणि हेडलाईटचे ५५ वॅटचे चार बल्ब लावून ठेवले, साधारण १८ अँप. २०० एएच म्हणजे अकरा तास चालायला पाहिजे. सव्वाआठ तासांत बीएमएसने, म्हणजे बॅटरीच्या आत तिला सांभाळणाऱ्या सर्किटने, मान टाकली. म्हणजे १४८ एएचच. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे पहिली काही सायकल असं होतं, म्हटलं भाऊ, सेल काय लोणचं आहे मुरायला? मीटरचा व्हिडिओ पाठवला, दोन दिवस टाळाटाळ, मग बदलून दिली. दुसरी अकरा तास दहा मिनिटं चालली. नवी बॅटरी घेणाऱ्यांनी हा एक दिवस घालवाच, बल्ब चार-पाचशेचे असतात आणि बॅटरीला पन्नास-साठ हजार जातात.

सोलरमध्ये जुनं पॅनल काढून १६५ वॅटची दोन टाकली, आधीच्याच कॅरिअरवर, छताला नवीन भोक पाडलं नाही, जुनी गाडी पावसाळ्यात कुठून गळायला लागेल सांगता येत नाही. आरटीओच्या बाबतीत पण मी भित्रा आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडीत फेरफार झालेला चालत नाही, म्हणून गाडीची लांबी-उंची-सीट कशालाच हात लावला नाही. पॅनल सिरीजमध्ये जोडली. नारळाखाली गाडी लावली की एकावर सावली येते, मग पॅरलल बरं ना, असं काकांच्या मेव्हण्यांचं म्हणणं होतं आणि ते चूक नाहीये. पण ह्या पॅनलचा १८ व्होल्ट हा २५ डिग्रीचा आकडा, छतावर तापून ६५ डिग्री झालं की तो १५ च्या आसपास येतो आणि १४.२ ला चार्ज करायला मध्ये काही उरतच नाही. सिरीजमध्ये तोच ३० राहतो आणि एमपीपीटी, म्हणजे सोलरचा चार्ज कंट्रोलर, तो निवांत खाली आणतो. फेब्रुवारीत भर दुपारी १७-१८ अँप बघितले, पॅनल सपाट पडलेली असताना हे चांगलंच म्हणायचं.

होम यूपीएसचा चार्जर बंद केला, म्हणजे त्याची मेनची पिनच कापून टाकली, कारण तो ट्यूबलरच्या हिशोबाने चार्ज करतो आणि मध्येच व्होल्टेज वर नेऊन इक्वलाइज वगैरे करायला बघतो, लिथियमला ते नको. वेगळा २० अँपचा लिथियम चार्जर घेतला. आता हा लावायचा सोसायटीच्या पार्किंगमधल्या पॉइंटवर, आणि सेक्रेटरींना वाटलं काकांनी गाडी इलेक्ट्रिक केली. मीटिंगचा विषय होणार होता! मग मी कागदावर लिहून दिलं की चार्जर साधारण ३२५ वॅट घेतो, म्हणजे तुमच्या मिक्सरपेक्षा कमी, आणि पूर्ण रिकामी बॅटरी भरायला तीन युनिट लागतात. सब मीटर लावला, करंट गळला की तोडणारा आरसीसीबी ३० मिलीअँपचा लावला, काका महिन्याला मोजून पैसे देतात. सेक्रेटरी अजून जाता येता मीटर वाकून बघतातच ते सोडा.

सीपॅपचा बदल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा. त्याच्या अडॅप्टरवर २४ व्होल्ट डीसी लिहिलेलं, मग १२ चे २३० करून परत २४ कशाला करायचे, त्या मशीनसाठी बनवलेला १२ ते २४ चा कन्व्हर्टर मागवला आणि उशाशी सॉकेट दिला. रात्री इन्व्हर्टर पूर्ण बंद. आता इन्व्हर्टर फक्त मिक्सर लावायचा तेव्हा चालू होतो, दिवसाचा खर्च १३४ वरून ९८-९९ वर आला, एकही अँप नवीन न मिळवता. काकूंना इंडक्शन पण हवी होती, त्यावर मात्र मी हात जोडले, २००० वॅट म्हणजे १२ व्होल्टला पावणेदोनशे अँप, बीएमएस १०० चा आहे. गॅसच राहिला, त्यावरून मला अजून ऐकून घ्यावं लागतं.

माझी चूक पण सांगायला पाहिजे. शंट मीटर लावताना डीसी टू डीसीची निगेटिव्ह मी घाईत शंटच्या बॅटरीकडच्या बाजूला जोडली, म्हणजे त्यातून आलेला चार्ज मीटरला दिसतच नव्हता. ट्रायलला लोणावळ्याला जाऊन आलो, मीटर म्हणे ६१ टक्के, बीएमएसचं अ‍ॅप म्हणे फुल. तासभर बॅटरीवर संशय घेतला, मग स्वतःची वायर दिसली. बॅटरीच्या निगेटिव्हवर फक्त शंट, बाकी प्रत्येक काळी वायर शंटच्या पलीकडे. काकांना व्होल्टमीटर बघायची सवय होती ती पण मोडावी लागली, लिथियम ८० टक्के असो की ४०, तो १३ आणि थोडं वर एवढंच दाखवणार, त्यावरून काही कळत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी परत दिवेआगर, तीन रात्री, ह्यावेळी मी पण मागे बसून. वडखळला अर्धा तास अडकलो तेव्हा बोनेट उघडून डायनामोवर टेंपरेचर गन मारली, ९२ डिग्री, ठीक आहे. पोचलो तेव्हा ९९ टक्के. पहिल्या दिवशी गाडी उन्हात होती, दुसऱ्या दिवशी काकूंनी सुरूच्या झाडांच्या सावलीत लावायला सांगितली आणि सोलर निम्म्यावर आलं, तिसऱ्या सकाळी ५८ टक्के, सगळ्यात खाली गेलेला आकडा तोच. पावसाळ्यात सोलरवर भरवसा नाही हे काकांना सांगून ठेवलंय, जुलैत दोन रात्रींच्या वर राहायचं असेल तर सॉकेट असलेली जागाच बघायची.

आता दोन गोष्टींवर नजर ठेवायला सांगितलीय. मे महिन्यात बंद गाडी उन्हात तापते, बॅटरीच्या अ‍ॅपवर ४७ डिग्री मी स्वतः बघितलेत, त्यामुळे बेडखालच्या खोक्याला दोन बाजूंनी जाळ्या पाडल्या. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी फुल करून ठेवायची नाही, निम्म्यावर ठेवून मेन स्विच बंद. ट्यूबलरच्या बरोब्बर उलटं आहे हे, आणि काकांचा हात अजून सवयीने चार्जरकडे जातो. लेहचं पण त्यांच्या डोक्यात आहे, तिथे शून्याखाली लिथियम चार्ज करता येत नाही, तेव्हा त्या खोक्यात हीटर पॅड टाकायचं काम राहिलंय.

सगळं मिळून लाखाच्या वर थोडा खर्च आला. परवा काकांचा फोन होता, म्हणाले डायनामोकडून किर्रर्र आवाज येतोय. बेअरिंग असणार, तेरा वर्षं झाली. मी सोमवारी जहाज पकडायच्या आधी बेल्ट काढून हाताने फिरवून बघणारे, आणि काकांना बजावून ठेवलंय की तोपर्यंत कुणी काही विकायला आलं तरी खिशात हात घालू नका.